ताणता न येणाऱ्या पिठाचा पिझ्झा

ज्वारीच्या पिठात एका कणाला दुसऱ्या कणाशी बांधून ठेवील असं काहीच नसतं. गार पाण्यात ते भिजवून पाहा. गोळा होतो, पण ताणायला गेलं की तुटतो आणि थापायला गेलं की कडांना चिरा पडतात. तरीही मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा, खुद्द वाशीम, जिल्ह्याच्या कुठल्याही तालुक्यात जा. चुलीवर किंवा गॅसवर याच पिठाची भाकर टम्म फुगलेली दिसते. वरचा पापुद्रा खालच्या थरापासून सुटलेला आणि मधल्या पोकळीत कोंडलेली वाफ. जरा थांबून विचार केला तर हे नवलच आहे. ज्या पिठाला ताण सोसत नाही, त्यानं वाफ धरली कशी?

मला हा प्रश्न पिझ्झ्याच्या निमित्तानं पडला. ज्यांना गहू अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी बाजारात 'ग्लूटेन-फ्री' पिझ्झा बेस मिळतात. बहुतेकांत तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च आणि टॅपिओका, म्हणजे आपल्या साबुदाण्याचाच स्टार्च असतो. दिसायला पांढरेशुभ्र, किमतीला चढे, आणि चवीला... पिझ्झा ज्या खोक्यातून येतो ते खोकं बरं, असं म्हणायची वेळ येते. हा बेस तुटतो, कोरडा पडतो, गार झाला की दगड होतो. तक्रारी ओळखीच्या वाटतात ना? नवशिक्या हातानं केलेल्या भाकरीबद्दल घरातली मोठी माणसं हेच तर म्हणतात. दोन्हीकडची अडचण एकच आहे, आणि त्यातला अर्धा उपाय वऱ्हाडातल्या बायका रोज सकाळी, फारसा विचार न करता, करत असतात.

आधी गव्हाची गोष्ट. इटलीत बोलोन्या शहरात याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी नावाचे एक विद्वान होते. त्यांनी १७२८ मध्ये एक साधा प्रयोग मांडला (छापून आला १७४५ मध्ये): कणकेचा गोळा पाण्यात धूत राहायचं. पांढरं पाणी निघत जातं, ते सगळं स्टार्च. ते संपलं की हातात उरतो एक करडा, रबरासारखा चिवट लगदा. तेच ग्लूटेन. हा प्रयोग घरच्या नळाखाली दहा-पंधरा मिनिटांत होतो आणि शाळकरी मुलांना तर जरूर दाखवावा. मग तेच ज्वारीच्या पिठाच्या गोळ्याशी करा. पाण्याबरोबर गोळाच विरघळून जातो, हाती काही उरत नाही.

गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रकारची प्रथिनं असतात. पाणी लागून मळायला लागलं की ती एकमेकांत अडकतात आणि पीठभर जाळं विणतात. एक ताण देतं, दुसरं ताणलं जाऊ देतं. यीस्टनं सोडलेला वायू या जाळ्याच्या भिंतींत अडकतो, भिंती न फाटता फुगत जातात, आणि भट्टीत गेल्यावर त्या फुगलेल्या अवस्थेतच शिजून घट्ट होतात. पिझ्झ्याच्या कडेला जे मोठमोठे बुडबुडे दिसतात, घास ओढताना जो चिवटपणा लागतो, ते सारं या जाळ्याचं देणं. ज्वारीतही प्रथिनं भरपूर असतात. तिच्या मुख्य प्रथिनाचं नाव काफिरिन. पण ते पाण्याला लांब ठेवणारं प्रथिन आहे आणि दाण्यात बारीक गोळ्यांमध्ये बंद होऊन बसलेलं असतं. कितीही मळा, ते बाहेर येऊन जाळं विणत नाही.

हे जाळं काही माणसांच्या जिवावर का उठतं, याचा शोधही तितकाच विलक्षण आहे. सिलिअॅक नावाच्या आजारात ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अन्न अंगी लागत नाही, मुलं खंगतात, वाढ खुंटते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारण कोणालाच धड माहीत नव्हतं. व्हिलेम-कारेल डिके हे डच बालरोगतज्ज्ञ १९३० च्या दशकापासूनच गव्हावर संशय धरून होते. मग १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ, पाव मिळेनासा झाला, लोक ट्युलिपचे कंद खाऊ लागले. आजूबाजूला उपासमार असताना सिलिअॅकचे बालरुग्ण मात्र सुधारले. पुढे पाव पुन्हा मिळू लागला आणि ती मुलं पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात गहू आणि आजार यांचा संबंध मांडला. बार्ली आणि राय या धान्यांतही गव्हासारखीच प्रथिनं असल्यानं तीही या रुग्णांना वर्ज्य. औषध आजही नाही. पथ्य हेच औषध, आणि तेही जन्मभराचं.

भारतात हा आजार सगळीकडे सारखा नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत उत्तर भारतात प्रौढांच्या रक्तात या आजाराच्या प्रतिपिंडांचं प्रमाण १.२३ टक्के निघालं, दक्षिणेत फक्त ०.१० टक्के. आजाराला पोषक जनुकं दोन्हीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात आहेत. फरक ताटातला: उत्तरेत गहू, दक्षिणेत भात. (गहू खाल्ला की पोटाला जड वाटतं, एवढ्यावरून स्वतःला सिलिअॅक ठरवू नये. त्याची रक्ततपासणी असते, आतड्याची तपासणी असते, आणि ती होण्याआधीच गहू सोडला तर निदान चुकतं.)

वाशीम या दोन ताटांच्या मधोमध पडतं. जुन्या बेरारात हा कापूस आणि ज्वारीचा मुलूख. इंग्रजांच्या काळी 'बासीम' जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडला आणि त्याचा बराच भाग अकोल्यात गेला. १ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा जिल्हा झाला. या मधल्या काळात शेतं बदलली. १९६४ मध्ये पहिला संकरित ज्वारीचा वाण आला, उत्पादन वाढलं, पण 'हायब्रीडच्या भाकरीला चव नाही' ही तक्रार जुन्या माणसांच्या तोंडून अजून ऐकू येते. खरिपाची ज्वारी ऐन कापणीला परतीच्या पावसात सापडली की कणसांवर बुरशी चढते, दाणे काळे पडतात, भाव पडतो. मग सोयाबीन आलं आणि बघता बघता त्यानं खरिपाचं रान व्यापलं. आता पावसाळ्यात जिल्ह्यातून जाताना सोयाबीन आणि मधे तुरीच्या ओळी. ताटातही रेशनच्या गव्हाची पोळी आली. सोयाबीनमध्ये ग्लूटेन नाही हे खरं, पण त्याची भाकर थापायचं कोणी मनावर घेत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता मूळ कोड्याकडे. ज्वारीची भाकर करणारी बाई पिठात गार पाणी घालत नाही. निदान पीठ जुनं असेल, विरी गेली असेल, तर नाहीच. ती आधण ठेवते. उकळतं पाणी पिठात ओतते, उलथन्यानं ढवळते, हाताला सोसेल इतकं निवालं की तळहाताच्या टाचेनं रगडून मळते. या एका कृतीत सगळी करामत आहे.

स्टार्च म्हणजे पिठातले सूक्ष्म, कोरडे, घट्ट बांधलेले दाणे. गार पाण्यात ते जवळपास तसेच राहतात, वाळूसारखे. पण ज्वारीच्या बाबतीत तापमान सुमारे ७० अंशांच्या पुढे गेलं की दाण्यांची आतली बांधणी सुटते. ते पाणी पिऊन कित्येक पटींनी फुगतात, आणि त्यांच्यातले अॅमायलोज नावाचे लांब रेणू बाहेर झिरपून आसपासचं पाणी चिकट करून टाकतात. कपड्यांना घालायच्या खळीत हेच घडतं. उकळत्या पाण्यानं सगळं पीठ शिजत नाही, थोडंच शिजतं. पण ते थोडं उरलेल्या कच्च्या पिठाला सांधायला पुरतं. म्हणजे प्रथिनाच्या जाळ्याचं काम इथे स्टार्चची खळ करते. ती ताणली जात नाही, म्हणून भाकर लाटून पसरवत नाहीत, थापून पसरवतात. हातानं दाबत, परातीत फिरवत, कडेची चीर बोटानं मिटवत. थापणं हा लाटण्याला दुबळा पर्याय मुळीच नाही. या पिठाच्या स्वभावाला तेच शोभतं.

पुढचा टप्पा त्याहून देखणा. भाकर तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवतात. वरचं कोरडं पीठ ते पाणी पितं. पाणी सुकायच्या बेतात असतानाच भाकर उलटायची. आधी उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर पृष्ठभागाला भेगा पडतात. उलटल्यावर ती ओली बाजू तव्याच्या तापावर शिजते आणि स्टार्चचा एक सलग, चिवट पडदा तयार होतो. दोन्ही बाजूंना असे पडदे झाले की भाकर विस्तवाला लावायची. आतल्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ होताना जागा सुमारे १७०० पट लागते. पडद्याला एकही भेग नसेल तर वाफेला बाहेर पडायला वाट नाही; ती दोन थर अलग करते आणि भाकर फुगते. यीस्टच्या पिझ्झ्याला वायू तासन् तास धरून ठेवायचा असतो, भाकरीला काही सेकंद. मोठा पेच तिनं वेळ कमी करून सोडवला आहे.

गंमत अशी की हाच शोध जगात वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांची गाठ न पडता लागला. इथिओपियात टेफ नावाच्या बारीक धान्याची इंजेरा करतात, आपल्या आंबोळीसारखी जाळीदार. टेफमध्येही ग्लूटेन नाही. तिथल्या बायका आंबलेल्या पिठातलं थोडं काढून पाण्यात शिजवतात आणि ती पेज पुन्हा पिठात मिसळतात. त्या पेजेला 'अब्सित' म्हणतात. ती घातल्याशिवाय इंजेराला डोळे पडत नाहीत. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळून वाटतात, म्हणून त्याचा गोळा धरतो आणि टॉर्टिया थापता येते. ज्वारी मुळात माणसाळली पूर्व सुदानच्या बाजूला, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी. तिथे आजही आंबवलेल्या ज्वारीची कागदासारखी पातळ किसरा करतात. प्रयोगशाळा कुठेच नव्हती. होतं ते फक्त दररोज दोन वेळा पीठ हाताळणं.

तरी नुसत्या खळीवर पिझ्झ्याचं भागत नाही. वायू अर्धा-पाऊण तास धरायचा तर आणखी काहीतरी लवचीक हवं. इथे मला खानदेशातली आणि वऱ्हाडातली कळण्याची भाकर आठवते. ज्वारीत उडीद मिसळून दळलेलं पीठ, सोबत ठेचा किंवा वांग्याचं भरीत. कोणी म्हणेल उडीद पौष्टिक म्हणून घातला, तेही खरंच. पण उडीद भिजवून वाटताना हाताला जो बुळबुळीतपणा लागतो, तो आपल्या कामाचा आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की इडलीचा हलकेपणा उडदातल्या दोन गोष्टींमुळे येतो: त्यातली काही प्रथिनं बुडबुडे तयार होऊ देतात, आणि अॅराबिनोगॅलॅक्टन नावाची बुळबुळीत शर्करासाखळी ते फुटू देत नाही. इडलीत तांदूळ असतो, तोही ग्लूटेनविना, आणि तरी ती फुगते ती उडदाच्या बळावर. म्हणजे गव्हाविना फुगवायचा दुसरा उपायही घरचाच.

कारखान्यांनी यासाठी झॅन्थन गम निवडला. त्याचा जन्म अमेरिकेत पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेत झाला, अॅलीन जीन्स या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या कामातून. कोबीची पानं सडवून काळी पाडणारा एक जिवाणू साखरेवर वाढवला की तो हा चिकट पदार्थ सोडतो. १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला खाद्यपदार्थांत वापरायची परवानगी मिळाली. अपायकारक नाही, चिमूटभर पुरतो, पण जरा जास्त झाला की बेस तोंडात गिळगिळीत लागतो. मला त्याहून इसबगोल पसंत. पोट साफ होण्यासाठी रात्री घेतात तोच भुसा. तो पाण्यात पडला की काही मिनिटांत घट्ट जेली होते, आणि ही जेली ताणली जाते, तुटत नाही. जगभरातले ग्लूटेनविना पाव करणारे बेकर आज त्याच्या मागे आहेत, आणि त्याची मोठी बाजारपेठ आहे गुजरातेत उंझ्याला.

आता हे सगळं एकत्र आणायचं. ज्वारीचं ताजं पीठ दोन वाट्या घ्या. त्यातलं अर्धी वाटी पीठ एक वाटी पाण्यात शिजवून घट्ट उकड करा आणि कोमट होऊ द्या. उरलेल्या दीड वाटी पिठात अर्धी वाटी उडदाचं पीठ, पाव वाटी तांदळाचं पीठ, दोन मोठे चमचे इसबगोल, एक चहाचा चमचा यीस्ट, तेवढाच गूळ, मीठ आणि दोन चमचे तेल घाला. उकड त्यात मिसळा, आणि लागेल तसं कोमट पाणी घालत, साधारण अर्धी वाटी, थालीपिठापेक्षा सैल पीठ करा. इथे हात आखडतो, कारण आपल्याला घट्ट गोळ्याची सवय. पण गव्हाविना पिठाला पाणी जास्तच लागतं: उडीद पितो, इसबगोल पितो, आणि कोरड्या पिठात बुडबुडा वाढायला जागाच नसते. झाकून पाऊण तास ठेवा. वऱ्हाडातल्या एप्रिल-मे महिन्यांत त्याहून कमी पुरेल. फुगलं की पुन्हा मळायचं नाही. गव्हाचं जाळं मोडलं तरी पुन्हा विणलं जातं, इथे गेलेला वायू परत येत नाही. तेल लावलेल्या ताटलीत ओल्या हातानं थापा, अर्धा सेंटीमीटर जाड.

आणि मग मुद्दा, जो बहुतेक जण गाळतात: वर काहीही न घालता आधी नुसता बेस भाजायचा. ओव्हन २२० अंशांवर तापवून बारा ते पंधरा मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या तव्यावर झाकण ठेवून, मंद आचेवर, मग उलटून. गव्हाचा कच्चा बेस सॉसचं पाणी सोसतो, हा सोसत नाही. त्याला आधी तो स्टार्चचा पडदा हवा, भाकरीसारखाच. त्यानंतर आटवलेला टोमॅटो, लसूण, चीज, हवं तर चुलीत भाजलेल्या वांग्याच्या फाका, आणि आणखी आठ-दहा मिनिटं.

चव? ओढून तोडावा असा तो चिवटपणा येणार नाही, आणि येतो असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. नेपल्सचा पिझ्झा हा गव्हाचा पिझ्झा आहे. पण तांदूळ-मका-टॅपिओकाच्या बेसमध्ये जी उणीव सगळ्यात जास्त बोचते ती चिवटपणाची नसतेच, ती चवीची असते. निव्वळ स्टार्चला चव नसते. ज्वारीचं पीठ मात्र अख्ख्या दाण्याचं असतं, कोंडा आणि अंकुरासकट, आणि भाजताना त्याला तो खमंग, किंचित गोड वास सुटतो. गूळ आणि उडदातली प्रथिनं तापून कडेला तांबूस रंग आणतात. खालून खुसखुशीत, आतून मऊ, आणि चव मुळातच ओळखीची. इटलीतही, पिझ्झ्याच्या गावापासून वर लिगुरियात, हरभऱ्याच्या पिठाची फारिनाता भट्टीत भाजतात. आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त जाड आणि भरपूर तेलात. गव्हाची नक्कल न करता स्वतःच्या पिठाचं बोट धरून चालणारे पदार्थ चवीला नेहमीच उजवे निघतात, असं माझं मत आहे.

ज्यांना केवळ हौस म्हणून खायचं त्यांनी इथपर्यंतचंच ध्यानात ठेवलं तरी चालेल. सिलिअॅक असलेल्यांसाठी मात्र खरी अडचण गिरणीत आहे. भारतीय नियमांप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन नसेल तरच पदार्थाला 'ग्लूटेन-फ्री' म्हणता येतं. गावच्या गिरणीत आपल्या आधी कोणाचे गहू दळले गेले असतील तर जात्याच्या पाळ्यांत आणि पोत्यात उरलेलं मूठभर पीठ ही मर्यादा सहज ओलांडतं. 'ज्वारीवर ज्वारी दळा' असं गिऱ्हाईक चवीसाठी सांगतच असतं. या रुग्णांसाठी तेवढंही पुरत नाही. घरची लहान चक्की, जिच्यात गहू कधीच पडला नाही, हा खात्रीचा मार्ग. उडदाचं पीठही तिथेच दळावं.

बेस गरम असतानाच खाऊन टाकावा. गार झाला की स्टार्चचे सुटलेले रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून रचले जातात आणि सगळं कडक होतं. शिळी भाकर कडक होते ती फक्त पाणी उडून नव्हे, यामुळेही. पुन्हा गरम केलं की ती रचना बरीचशी मोडते. तरीही तुकडे उरलेच तर कुस्करून, कांदा-मिरची घालून फोडणीला टाकावेत, शिळ्या भाकरीसारखे. फक्त हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं आधी वाचावीत: बाजारातल्या बऱ्याच बांधणी हिंगांत वजन भरायला गव्हाचं पीठ घातलेलं असतं.